रोलचा दुमडलेला कोपरा

बाबा गेले तेव्हा घरात त्यांचा धड एकही फोटो नव्हता. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, कारण पनवेलात आमच्या आळीत कॅमेरा असलेलं घर आमचंच. भिंतीवर फोटो पुष्कळ होते. बंदराकडच्या होड्या, बाजारात सुक्या मासळीच्या पाट्यांमागे बसलेल्या बायका, एस.टी. स्टँडवर पोत्याला टेकून झोपलेला एक माणूस. सगळे बाबांनी काढलेले, आणि म्हणून बाबा त्यातल्या एकातही नव्हते.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा, असं आत्या म्हणाली. आम्ही शोधाशोध केली. आईबरोबरच्या लग्नातल्या फोटोत ते इतके कोवळे दिसत होते की आत्याच म्हणाली, "हा लावलास तर लोक विचारतील, हा कोण मुलगा गेला?" निवृत्तीच्या समारंभातल्या फोटोत गळ्यातला हार नाकापर्यंत आला होता. शेवटी कचेरीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यावर गोल शिक्क्याचा चतकोर उमटलेला होता. स्टुडिओवाल्याने तो ब्रशने पुसायचा प्रयत्न केला, त्यामुळे बाबांच्या गालावर दाढीचे खुंट वाढल्यासारखं दिसू लागलं. बाबा रोज सकाळी दाढी करत. तापातसुद्धा.

बाबांचा दुसरा एक फोटो मला ठाऊक होता, मीच काढलेला. पण तो अजून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, न धुतलेल्या रोलमध्ये होता.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. कॅमेरा बाबांनी निवृत्त झाल्यावर घेतला होता. जुना, जपानी बनावटीचा, हातात घेतला की मनगट दुखावं असा जड. मी गावातल्या वाचनालयात सहायक. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही जेवताना पुस्तक उघडं ठेवणारे. कॅमेरा आल्यावर आम्हाला बोलायला काहीतरी मिळालं.

गावात आणखी चारपाच जणांना हा नाद होता. रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर आम्ही जमत असू. त्यांतले वडीलधारे म्हणजे एका शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. त्यांनी दोन नियम घातले होते. फोटो हातोहात फिरवायचा, आणि तो फिरून होईपर्यंत ज्याने काढला त्याने तोंड उघडायचं नाही. दुसरा नियम, ज्याचा फोटो काढला त्याला प्रत नेऊन द्यायची, मग तो कुठेही राहत असो. पहिल्याच रविवारी बाबांना राहवलं नाही. आपला फोटो मास्तरांच्या हातात गेल्यावर ते म्हणाले, "होडी आहे ती."

"बरं झालं सांगितलंत," मास्तर म्हणाले. "मी चप्पल समजून कौतुक करणार होतो."

बाबा घरी येईपर्यंत हसत होते. पुढच्या रविवारी त्यांनी खरोखरच चपलेचा फोटो काढून नेला.

काळीपांढरी फिल्म आम्ही सगळे मिळून मुंबईहून मोठ्या डब्यात आणत असू आणि अंधारात कापून जुन्या, रिकाम्या डब्यांत भरत असू. हाताच्या अंदाजाने कापलेली, त्यामुळे कुठल्या डबीत किती फिल्म आहे ते नेमकं कुणालाच ठाऊक नसे. डब्या पुन्हा वापरायच्या असत, म्हणून धुताना त्या फोडायच्या नाहीत. त्यासाठी रोल संपल्यावर फिल्म उलटी गुंडाळताना तिचं टोक बाहेर ठेवायचं. त्या टोकाला आम्ही जीभ म्हणत असू. यात एक अडचण होती. वापरलेला रोल आणि कोरा रोल, दोन्हींचीही जीभ बाहेर, ओळखायचं कसं? त्यावर तोडगा असा की वापरलेल्या रोलच्या जिभेचा कोपरा दुमडायचा, पुस्तकाच्या पानाचा दुमडतात तसा.

मला ते आवडत नसे. मी म्हटलं होतं, "बाबा, पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला मी वाचनालयात दुसरं पुस्तक देत नाही."

"अगं, मग हे पुस्तक कुणाला देऊच नकोस," ते म्हणाले आणि कोपरा दुमडला.

वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावण्याआधी मी चाळत असे आणि दुमडलेले कोपरे नखाने सरळ करत असे. दिवसभर तेच काम. कुणाशी बोलतानाही बोटं आपलं काम करत राहत.

तो शेवटचा रोल बाबांनी माघात भरला. आम्ही दोघं उरणच्या बाजूला मिठागरात गेलो होतो. उन्हाने पाणी आटून मीठ धरलं होतं आणि बांधांवर त्याचे ढीग लागले होते. एक बाई लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ कडेला ओढत होती. बाबांनी तिचे फोटो काढले, ढिगांचे काढले, तिच्या फळीच्या ओल्या रेघांचे काढले. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, सगल्यांचे फोटू काडताव. तुमचा कोन काडतंय?"

"माझा कशाला? मी काय मीठ काढतो?"

"मंग काडा की." तिने फळी त्यांच्या हातात दिली. "ओडा. बघू दे जोर हाय का नाय."

बाबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि पाण्यात उतरले. फळी ओढली, ती गाळात रुतली आणि मीठ जागचं हललं नाही. बाई हसायला लागली. "आजोबा, मीठ नाय, गाव ओडताव तुमी!" बाबाही हसले, डोळे मिटून, मान मागे टाकून. कॅमेरा माझ्याकडे होता. मी खटका दाबला. अंतर नीट लावलं की नाही, मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी रोल गुंडाळला, कोपरा दुमडला आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवला. कोरे रोलही त्याच डब्यात असत, आणि त्यात ते तांदळाची पुरचुंडी ठेवत, दमट हवा शोषून घ्यायला. "पुढच्या आठवड्यात धुऊ," म्हणाले. फाल्गुनात एका सकाळी ते पेपर आणायला उठले आणि उंबऱ्याशी बसले ते बसलेच. पुढचं लिहीत नाही.

रोल लगेच धुवायला हवा होता, असं कुणीही म्हणेल. मास्तर दोनदा घरी येऊन सांगून गेले. पण रोल नेहमी बाबाच धूत. शिवाय तो डब्यात होता तोवर बाबांचं एक काम शिल्लक होतं. पावसाळाभर मी दुपारी डबा मांडीवर घेऊन बसे. पुरचुंडीतले तांदूळ बदलत असे. रोल हातात घेऊन फिरवी आणि परत ठेवून देई. त्या दिवसांतलं मला एवढंच आठवतं.

मार्गशीर्षात मास्तरांनी निरोप पाठवला, की येत्या रविवारी सगळे जवळच्या ओवे गावाला चाललेत, तुम्ही कॅमेरा घेऊन आलंच पाहिजे. मी गेले. कॅमेरा हातात घेताना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. सकाळी निघताना डब्यातून सरळ जिभेचा एक रोल उचलला आणि भरला. आजवर बाबा भरून देत, मी फक्त काढत असे. पण पाहिलेलं होतं.

ओव्यात भातकापणी उरकली होती. खळ्यांतून पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. गावाच्या कडेने नव्या वसाहतीचे रस्ते आखलेले, आणि त्यांच्या चुन्याच्या रेघांवर कुणीतरी गोवऱ्या वाळत घातलेल्या. मी पुष्कळ फोटो काढले. एका ओट्यावर वाल निवडत बसलेल्या म्हातारीचे तर दहाएक काढले. ती म्हणाली, "फोटू आनून देशील ना गं? का आपली काडून जाशील?" मी शब्द दिला. कॅमेऱ्यावरचा आकडा छत्तीसच्या पुढे गेला तरी फिल्म संपेना. आमच्या डब्यांचं माप कधीच धड नसे, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मास्तर शेजारून म्हणाले, "चाळीस? तुमच्या बाबांचा हात सढळ होता हो."

शेवटी ती संपायची वाट न बघता मी फिल्म उलटी गुंडाळली. गुंडाळायची डावीकडची चावी दोन-चार वेढ्यांतच सैल पडली. कॅमेरा उघडला, तर जीभ छान बाहेर राहिली होती. म्हातारीच्या ओट्यावरच बसून मी तिचा कोपरा दुमडायला घेतला.

त्या कोपऱ्यावर आधीच एक घडी होती. कुणीतरी नीट दाबून सरळ केलेली, पांढुरकी रेघ राहिलेली. नखाने सरळ केलेली. असे कोपरे रोज मीच सरळ करत होते.

मी कुणाला काही सांगितलं नाही. घरी आले आणि डबा उघडला. आतल्या एकाही रोलचा कोपरा दुमडलेला नव्हता, एकावरही घडीची रेघ नव्हती. म्हणजे हातात होता तोच. ज्या रोलवर बाबा हसत होते त्याच रोलवर मी ओव्याच्या उडव्या, गोवऱ्या आणि वालाचं सूप उमटवून आले होते. एकावर एक दोन फोटो पडले की काय होतं ते मला ठाऊक होतं. दोन्हींचा चिखल होतो. भिंतीवर शिक्क्याचे बाबा होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांकडे गेले आणि रोल टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी घडीची रेघ पाहिली, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिली.

"काल गुंडाळताना चावी जड गेली की हलकी?"

"हलकी. लगेच सैल झाली."

"आणि फोटो काढताना दर खटक्याला ती चावी आपोआप फिरत होती का?"

"बघितलं नाही. बघायचं असतं?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग रोलकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि त्यांनी ते आवरलं. "ग्रंथपालबाई, आत्ता मी काही बोलत नाही. बोललो आणि खोटं निघालं तर तुम्ही मला वाचनालयात पाऊल ठेवू देणार नाही. चला, धुऊनच बघू. आणि धुवायचं तुम्ही. मी नुसता उभा राहणार."

त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावलेला होता. मास्तरांच्या पत्नींनी दोन बादल्या भरून बाहेर काढून घेतल्या आणि मुलांना बजावलं, "फोटो निघेपर्यंत आंघोळीचं नाव काढू नका. मेलेल्या माणसाचं काम आहे." इतक्या महिन्यांत माझ्यासमोर असं सरळ कुणी बोललं नव्हतं. मला ते बरं वाटलं.

काळ्या पिशवीत हात घालून मी फिल्म रिळावर चढवली. ती दोनदा अडली. मग टाकीचं झाकण लावलं, औषध ओतलं, टाकी हलवत राहिले. मास्तर दाराला टेकून, अजिबात न बोलता उभे होते. ते आणि न बोलता! शेवटी चित्र पक्कं करणारा हायपो ओतून दिला, पाण्याने धुतलं आणि मी फिल्मचं टोक धरून ती उजेडात ओढली.

आधी नुसती काळीकुट्ट जीभ आली, घडीच्या रेघेसकट. मग काळे डोंगर आले. ते मिठाचे ढीग होते. फिल्मवर सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं. मग ती बाई आली. फळीच्या रेघा आल्या. उडव्या नव्हत्या, गोवऱ्या नव्हत्या. मी फिल्म ओढत राहिले. शेवटाकडे बाबा आले. काळे केस, काळे दात, मान मागे टाकलेली. त्यांच्यावर काही नव्हतं. कुणाचं घर नाही, कुणाचा ओटा नाही. नुसते बाबा आणि पाणी.

मी तिथेच उलट्या बादलीवर बसले.

"रडायचं असेल तर आधी फिल्म टांगा," मास्तर म्हणाले. "पाण्याचे डाग पडतात."

मी फिल्म दोरीला चिमट्याने लावली, खाली दुसरा चिमटा लावला, आणि मग रडले. पण मला आठवतं, त्यात हसणंही होतं. मास्तरांनी सांगितलं ते असं. भरताना जिभेचं टोक कॅमेऱ्यातल्या रिळाच्या फटीत अडकवावं लागतं. घडी पडलेला कोपरा तिथे धरला नसावा, निसटला असावा. मी चाळीस वेळा खटका दाबला, पण फिल्म जागची हललीच नाही, म्हणून चावीही फिरली नसणार. ओव्याचं सगळं गाव त्या एका काळ्या जिभेवर पडलं होतं. "भरताना चूक, म्हणून वाचलात," ते म्हणाले. "नीट भरला असतात तर बाबा गेले होते." मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली. पण मला राग आला नाही. उलट, बाबा असते तर हेच वाक्य त्यांनी आठवडाभर पुरवून हसून घेतलं असतं.

दुपारी कागदावर फोटो काढला. औषधात आधी चष्म्याची फ्रेम आली, मग फळीचा दांडा, आणि मग हळूहळू बाकीचे बाबा. फोटो वाईट होता. तिरका होता, पाय कापले गेले होते.

पुढच्या रविवारी मी तो माडीवर नेला. फोटो हातोहात फिरला. आमच्यातले एक औषधांचे दुकानदार बराच वेळ बघत राहिले, त्यांनी पुढे दिला. कुणी काही बोलेना. बाबा गेल्यापासून सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलत, आणि मला वाटलं, आता हा फोटोही त्या आवाजात गुंडाळला जाणार. फोटो मास्तरांकडे पोचला. त्यांनी तो हातभर लांब धरला.

"क्षितिज मानेतून गेलंय," ते म्हणाले. "माणसाचं मुंडकं छाटल्यासारखं दिसतं. आणि पाय कुठायत? पाय विकले का यांचे?"

मग दुकानदार हसले, मग सगळेच. मी नियमाप्रमाणे गप्प बसले होते, पण हसू आवरेना. कित्येक महिन्यांनंतर बाबांबद्दल कुणी मोठ्याने बोललं होतं.

मग मी ओव्याला गेले. म्हातारी ओट्यावरच होती. मी सांगितलं, "आजी, त्या दिवशीचा एकही फोटो आला नाही. सगळे फुकट गेले."

"एक बी नाय?"

"एकही नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "त्या दिसी मी फाटकं लुगडं नेसलेली. सून कवाची बोलतंय, असा कसा फोटू काडू दिलास. थांब जरा." ती आत गेली ती हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून आली आणि वालाचं सूप पायाने बाजूला सारून बसली. मी रोल भरला. टोक फटीत अडकवलं, झाकण लावलं, खटका दाबला आणि डाव्या बाजूच्या चावीकडे बघितलं. ती फिरली. पुन्हा दाबला. पुन्हा फिरली. म्हातारी म्हणाली, "माज्याकडं बघ की, कॅमेऱ्याकडं काय बघतंस?"

माघात मी मिठागरात गेले. बाई त्याच बांधावर होती. तिने मला ओळखलं आणि माझ्यामागे पाहिलं.

"आजोबा नाय आले?"

मी सांगितलं. ती काही वेळ फळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. मग ओले हात पदराला पुसले आणि हात पुढे केला. मी तिचे फोटो दिले, बाबांनी काढलेले, चांगले, सरळ क्षितिजाचे. तिने ते पाहिले आणि पदरात ठेवले. मग मी तिला दाखवायला म्हणून बाबांचा काढला. तो तिने जास्त वेळ बघितला.

"हसतंय बघ कसं," ती म्हणाली. "यो बी माजा."

"तो बाबांचा आहे."

"फली कोनाची हाय? माजी हाय. मंग फोटू माजा."

नियम तर आमचाच होता. मी तो फोटो तिला देऊन टाकला. घरी आल्यावर आणखी एक काढला, थोडा मोठा. ओळखपत्रावरचा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवला आणि त्या खिळ्यावर हा लावला. आत्या आली तेव्हा म्हणाली, "अगं, हार घालायच्या फोटोत असं खदाखदा हसतात का?" आणि बराच वेळ समोर उभी राहिली. मग म्हणाली, "निदान दाढी तरी केलेली आहे."